चेरीचा विमा, काळूचा फंड: इंदिरानगरातल्या एका घराचा हिशेब

माझी ताई आणि दाजी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात. घरात दोन कुत्री. चेरी ही लॅब्राडोर मादी, पाच वर्षांची, नसबंदी न झालेली. काळू गल्लीतला, २०२० च्या लॉकडाउनमध्ये जिन्याखाली मुक्कामाला आला आणि हळूहळू घरचाच झाला. त्याचं वय दात बघून डॉक्टरांनी सांगितलेलं, नऊ ते दहा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीने दोघांचाही विमा काढायचा आग्रह धरला. दाजींनी साफ नाही म्हटलं. ताईला वादात पडायचं नव्हतं, तिला काय ते ठरवून हवं होतं. मी हिशेब तपासणीच्या व्यवसायात आहे आणि विमा विकत नाही, म्हणून सगळे कागद माझ्याकडे आले.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न आता नाशिकमधल्या बऱ्याच घरांत निघतो आणि बहुतेक ठिकाणी प्रीमियमचा आकडा बघूनच निकाल लागतो. महाग वाटला तर नको, स्वस्त वाटला तर काढून टाकू. हे कागद चाळल्यावर माझं मत असं झालं की प्रीमियम हा शेवटी बघायचा आकडा आहे. त्याच्या आधी दुसरा एक आकडा ठरवावा लागतो, आणि तो कंपनीकडे नसतो, आपल्या घरात असतो.

भाचीच्या आग्रहाला कारण होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सगळे सोमेश्वरला धबधबा बघायला गेले होते. पावसाळ्यात तिथे भाजलेल्या कणसांच्या गाड्या लागतात आणि दाणे खाऊन टाकलेली कणसं रस्त्याकडेला पडलेली असतात. चेरीने त्यातला एक तुकडा गिळला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी तिने पाणीही सोडलं. एक्स-रेमध्ये स्पष्ट काही दिसलं नाही, सोनोग्राफीत लहान आतड्यात अडकलेला तुकडा सापडला. कणीस पचत नाही. ते एकाच जागी आतड्याच्या भिंतीवर दाब देत राहतं, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि उशीर झाला तर आतड्याचा तेवढा भाग कापून टाकावा लागतो. चेरीचं तेवढ्यावर आलं नाही. छेद देऊन तुकडा काढता आला. दोन रात्री दवाखान्यात ठेवलं. एकूण खर्च ३८,५०० रुपये. डॉक्टरांनी ऑपरेशन लागेल म्हटल्यावर दाजींनी किती होतील हेसुद्धा विचारलं नव्हतं, "करा" एवढंच म्हणाले होते.

तेच दाजी विम्याला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "कंपनी काय धर्मादाय काढलीय का? तिचा फायदा आधी, मग आपला. तेच पैसे रिकरिंग डिपॉझिटला टाकू. लागले तर आहेत, नाही लागले तर आपलेच आहेत." भाची म्हणाली, "बाबा, तुमचा मेडिक्लेम तुम्ही परतावा बघून घेतला होता का?" आणि मग माझ्याकडे वळून, "मामा, तू तरी सांग ना."

बाजारात काय मिळतं

कुत्र्यांचा विमा आपल्याकडे अगदी नवा नाही. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्या तो पूर्वीपासून देत आल्या आहेत, पण त्या पॉलिसींची घडण गुरांच्या विम्यासारखी आहे: जनावर दगावलं तर ठरलेली रक्कम. निफाड-सिन्नरकडच्या शेतकऱ्याला हा प्रकार पाठ असतो. गाईच्या कानात बिल्ला, बिल्ल्याचा नंबर पॉलिसीवर, आणि बिल्ला नसेल तर दावा नाही. २०२० मध्ये बजाज अलायन्झने पाळीव कुत्र्यांसाठी स्वतंत्र पॉलिसी आणली, त्यात ऑपरेशन आणि दवाखान्यात भरती होण्याचा खर्च आला. पुढच्या काही वर्षांत फ्युचर जनराली, डिजिट, एचडीएफसी अर्गो यांनीही आपापल्या पॉलिसी काढल्या. मृत्यू, उपचार, बाह्यरुग्ण खर्च, चोरी किंवा हरवणं, आणि कुत्र्याने दुसऱ्याला केलेली इजा असे वेगवेगळे भाग त्यात असतात. काही मुळातच असतात, काही जादा पैसे भरून घ्यायचे.

मृत्यूचा भाग आम्ही लगेच बाजूला ठेवला. ताईचं वाक्य होतं, "चेरी गेली तर मला पैसे घेऊन काय करायचंय?" ज्यांनी पिल्लासाठी मोठी रक्कम मोजली आहे किंवा जे पैदास करतात त्यांचं गणित वेगळं. घरच्या कुत्र्यासाठी उपचाराचा खर्च हाच खरा विषय असतो.

तीन कोटेशनं मागवली. कोणत्या कंपन्यांची ते लिहीत नाही. अटी दरवर्षी बदलतात आणि नाव वाचून कोणी आंधळेपणाने घ्यावं अशी इच्छा नाही. पहिलं ५०,००० रुपयांच्या विम्याचं, प्रीमियम ५,२०० आणि १८ टक्के जीएसटी धरून ६,१३६ रुपये. त्यात एका आजाराला विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच पैसे, आणि मान्य रकमेतले १० टक्के आपण भरायचे. दुसरं त्याच कंपनीचं, अटी त्याच पण विमा एक लाखाचा, प्रीमियम करासह ९,९१२. तिसरं दुसऱ्या कंपनीचं: एक लाख, एका आजाराला वेगळी मर्यादा नाही, पण २० टक्के आपले. प्रीमियम करासह ११,३२८. तिन्हींत रोजच्या तपासण्या, लसी, गोळ्या नाहीत, आणि उपचार धरण्यासाठी किमान २४ तास भरती हवी, फक्त अपघात सोडून.

जुनी बिलं पॉलिसीतून चालवून पाहिली

ताईने चेरीची २०२२ पासूनची सगळी बिलं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. ही सवय फार मोलाची ठरली. मी ती चार ढिगांत लावली. लसी, जंतांचं औषध, गोचिडीच्या गोळ्या, वर्षाची तपासणी असा नेहमीचा खर्च तीन वर्षांत ३०,६००. कानाचा संसर्ग दोनदा झाला, त्याचे ४,९००. २०२३ मध्ये गोचिडताप, म्हणजे एर्लिकिया. प्लेटलेट्स खाली गेल्या होत्या, तीन दिवस सलाईन आणि पुढे चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, ८,७००. आणि कणसाचं ऑपरेशन, ३८,५००. बेरीज ८२,७००.

आता ही बिलं पॉलिसीच्या मजकुरातून एकेक करून पुढे ढकलली. नेहमीच्या खर्चाला शून्य. कानाला शून्य, तो बाह्यरुग्ण उपचार. गोचिडतापाचं बघताना भाची थोडी चमकली. तिला वाटत होतं विमा अशाच वेळी कामाला येतो. पण चेरी सकाळी दवाखान्यात जायची, सलाईन घ्यायची आणि संध्याकाळी घरी यायची. २४ तासांची भरती नाही, म्हणून पैसे नाहीत. नाशिकमधले बरेच दवाखाने रात्री कुत्रं ठेवून घेत नाहीत, ठेवायची सोयच नसते. उपचार पूर्ण होतो, भरती होत नाही. नाशिकच्या माणसाने पॉलिसी वाचताना ही अट सगळ्यात आधी शोधावी, कारण इथल्या दवाखान्यांच्या पद्धतीत ती अर्धे दावे बाहेर ठेवू शकते.

राहिलं ऑपरेशन. ३८,५०० मधून गळ्याभोवतीची कॉलर, प्रवास, घरी आल्यानंतरच्या भेटी, विशेष आहार वगैरे ५,३०० वजा झाले असते. उरले ३३,२००. पहिल्या पॉलिसीने निम्म्याच्या मर्यादेमुळे २५,००० धरून १० टक्के कापून २२,५०० दिले असते. तीन वर्षांचा प्रीमियम १८,४०८. म्हणजे पोटाचं ऑपरेशन होऊनही फायदा ४,०९२ रुपयांचा. दुसरीने २९,८८० दिले असते, प्रीमियम २९,७३६, जवळपास बरोबरी. तिसरीने २६,५६० दिले असते आणि प्रीमियम गेला असता ३३,९८४. तोटा ७,४२४. आणि हे प्रीमियम तीन वर्षं तेवढाच राहील असं धरून. खरं तर वयाबरोबर तो चढतो.

हा कागद बघून दाजी समाधानाने म्हणाले, "झालं ना सिद्ध?" आणि सरासरीचा हिशेब तेच सांगतो, ते मी नाकारत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे एकत्र केले तर कंपनीचा खर्च, एजंटचं कमिशन आणि कर त्यातूनच निघतात, त्यामुळे सरासरी गिऱ्हाईक जेवढं भरतं त्याहून कमी परत घेतं. विमा फायद्यात पडेल या आशेने काढणाऱ्याने तो काढूच नये.

खरा आकडा

पण मागची तीन वर्षं ही चेरीच्या आयुष्यातली सोपी वर्षं होती. लॅब्राडोर पाच-सहा वर्षांची झाली, वजन थोडं वाढलं की गुडघ्याचं लिगामेंट तुटण्याचा धोका या जातीत चांगलाच असतो. मोठ्या कुत्र्यात ते फक्त विश्रांतीने क्वचितच नीट बरं होतं. हाड कापून प्लेट बसवायचं ऑपरेशन करायचं तर आमच्या डॉक्टरांनी मुंबई किंवा पुण्याला पाठवतो असं सांगितलं, आणि तपासण्या, भूल, प्लेट, राहणं-येणं धरून अंदाज दिला ९०,००० चा.

मग मी ताईला एक प्रश्न विचारला. डॉक्टरांनी रक्कम सांगितली आणि तू लगेच हो म्हणालीस, अशी सर्वांत मोठी रक्कम किती? आणि कुठल्या आकड्याला तू म्हणशील, उद्या सांगते?

ताईने बराच विचार केला. "चाळीसपर्यंत मी विचारणार नाही. साठ-सत्तर म्हटलं तर ह्यांच्याकडे बघेन." दाजी काही बोलले नाहीत. ते त्याच्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते.

हा चाळीस हजारांचा आकडा सापडल्यावर बाकीचं बरंच सोपं झालं. चाळीसच्या आतल्या कुठल्याही बिलासाठी या घराला विमा नको. ते बिल दुखेल, पण चेरीचा उपचार थांबणार नाही. विमा हवा तो चाळीसच्या वरच्या बिलासाठी, जिथे उपचार करायचा की नाही हा निर्णय पैशावर जाईल. आता ९०,००० चं ऑपरेशन तिन्ही पॉलिसींतून चालवून पाहिलं. मान्य होण्यासारखे ८२,००० धरले. पहिली पॉलिसी निम्म्याच्या मर्यादेमुळे २२,५०० देते, घरातून ६७,५०० जातात. दुसरी ४५,००० देते, तेवढेच घरातून जातात. तिसरी ६५,६०० देते, घरातून २४,४००.

जुन्या बिलांवर सर्वांत वाईट ठरलेली पॉलिसी इथे सर्वांत उपयोगाची ठरली, आणि सर्वांत स्वस्त असलेली जवळजवळ निरुपयोगी. पहिली पॉलिसी घेऊनही ताईला दाजींकडे बघावंच लागलं असतं. मग त्या ६,१३६ रुपयांनी काय विकत घेतलं? माझ्या मते काहीच नाही. लहान विमा आणि एका आजाराला मर्यादा, ही जोडी मी कोणालाच घ्यायला सांगणार नाही. तिने मन शांत होतं आणि पैसे भरायची वेळ आली की हात रिकामाच राहतो.

तिसऱ्या पॉलिसीची बरोबरी व्हायला असं मोठं बिल साधारण पावणेसहा वर्षांत एकदा यावं लागेल. ते येईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. ताईने ते न येण्याची इच्छा धरून प्रीमियम भरायचा, हे तिला पटलं. दाजींना पटायला अजून एक गोष्ट लागली.

आधी खिशातून

ती गोष्ट अशी की विमा असला तरी पैसे आधी आपणच भरायचे असतात. माणसांच्या मेडिक्लेमसारखं कार्ड दाखवून कॅशलेस होण्याची सोय जनावरांच्या दवाखान्यांत फारशी नाही. बिल भरायचं, कागद पाठवायचे, मग रक्कम खात्यात येते. म्हणजे रात्री अकरा वाजता ऑपरेशनला नेलं तर विमा त्या रात्री कामाचा नाही. त्या रात्री दाजींचं रिकरिंगच कामाचं.

दाजींचा मुद्दा त्यामुळे बाद झाला नाही, पहिल्या नंबरावर आला. मी त्यांना म्हटलं, "दाजी, तुमचा फंड आधी. तो नसेल तर विमा घेऊ नका." चाळीस हजारांची ठेव वेगळी केली, मोडता येईल अशी. दरमहा १,५०० चं रिकरिंग सुरू केलं. चेरीचा वर्षाचा नेहमीचा खर्च ११,००० आणि काळूचा ७,०००, तो त्यातून भागतो. चाळीसच्या वर आधी भरायची वेळ आली तर भाचीने आपलं क्रेडिट कार्ड द्यायचं आणि दाव्याचे पैसे आल्यावर तिला परत करायचे, असं घरात ठरलं.

नुसता फंड का पुरत नाही, तेही दाजींनीच बोलून दाखवलं. रिकरिंग सुरू करून चार महिने झाले आणि चेरीचा पाय गेला, तर त्यात सहा हजार असणार. फंड वेळ मागतो. आजार कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

कागद

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण दावे इथेच अडकतात, म्हणून थांबून लिहितो. कणसाच्या ऑपरेशनची फाइल मी दावा करायचाय असं समजून तपासली. मुख्य बिल दवाखान्याच्या छापील कागदावर होतं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांचे सहा हजार प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनने लिहिलेले. रक्ततपासणीच्या रिपोर्टवर कुत्र्याचं नावच नाही, ताईचं नाव आणि वयाच्या जागी रेघ. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं माणसांच्याच मेडिकलमधून येतात. गोळे कॉलनीतल्या दुकानाने बिलावर पेशंट म्हणून दाजींचं नाव टाकलं होतं. कंपनीने विचारलं असतं की हे औषध चेरीने खाल्लं की दाजींनी, तर आपल्याकडे कागदावर उत्तर नव्हतं.

आता प्रत्येक बिलावर "चेरी, लॅब्राडोर, मालक अमुक" असं लिहून घेतलं जातं. बिल पक्कंच मागायचं, त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. डिस्चार्ज कार्डवर भरतीची आणि सोडल्याची वेळ, नुसती तारीख नाही, कारण २४ तास मोजायचे असतात.

लसीच्या कार्डात भोक होतं. २०२३ चा लेप्टोस्पायरोसिसचा बूस्टर पाच महिने उशिरा दिलेला. लस असलेल्या आजारावर, लस वेळेत नसेल तर पैसे नाहीत, ही अट जवळपास सगळीकडे भेटते. लेप्टो उंदरांच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून येतो. पावसाळ्यात गोदाकाठी फिरायला नेणाऱ्यांनी तर हा बूस्टर चुकवूच नये, विमा असो वा नसो.

ओळखीसाठी चिप बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली सुईने टाकतात, त्यात पंधरा आकडी नंबर असतो. तिने कुत्रं कुठे आहे हे कळत नाही, कोणाचं आहे हे कळतं. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचं जे काम तेच हिचं.

प्रस्ताव अर्जात काय लिहायचं यावर एका एजंटशी बोलणं झालं. तो म्हणाला, जुनं ऑपरेशन कशाला लिहायचं, उगाच प्रश्न येतात. त्याचं ऐकलं नाही. अर्जात खोटं किंवा अर्धवट सांगितलं तर पुढे मोठा दावा आला की कंपनी जुन्या फाइली मागवते आणि मग लेप्टोचा असो की गुडघ्याचा, कुठलाच दावा टिकत नाही. कणीस, गोचिडताप, कान, तिन्ही लिहिलं. कंपनीने कान कायमचा वगळला, बाकी स्वीकारलं. दोन प्रश्नांची उत्तरं मी ईमेलवर मागितली. एक, पहिला गुडघा पॉलिसीच्या काळात गेला आणि नंतर दुसरा गेला, तर दुसरा जुना आजार धरणार का? एका पायाचं लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांत बऱ्याच जणांचा दुसराही पाय पुढे जातो, म्हणून हे विचारायलाच हवं. दोन, द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन विषबाधा झाली तर ती अपघात की मालकाचा हलगर्जीपणा? नाशिकमध्ये जानेवारी ते एप्रिल घरोघरी द्राक्षांच्या पेट्या असतात आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला द्राक्षं घातक ठरू शकतात, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही. दोन्हीची उत्तरं चेरीच्या बाजूने आली. ती छापून पॉलिसीला जोडून ठेवली आहेत. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नसते. पण हातात लेखी उत्तर असेल तर बोलता येतं.

दुसऱ्याला इजा झाली तर त्याचा भाग थोड्या जादा पैशात मिळत होता, तो घेतला. सोसायटीत लहान मुलं आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली पाळीव प्राण्याबाबत हलगर्जीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तो दंड कोणतीच कंपनी भरत नाही. ती देते नुकसानभरपाईचा भाग, तोही पट्टा आणि महापालिकेचा परवाना असेल तर, अशी अट इथे होती. परवाना काढलेला नव्हता. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जोडून तो काढला.

हेच घर देवळाली कॅम्प किंवा वडनेर दुमाल्याकडे असतं तर मी अजून एक प्रश्न विचारला असता. तिकडच्या लोकांना बिबट्या नवा नाही, आणि अंगणात झोपलेलं कुत्रं त्याला सोपं सावज असतं. वन्यप्राण्याचा हल्ला अपघातात धरतात का, आणि कुत्रं सापडलंच नाही तर पुरावा काय मागतात?

काळू

काळूचं पटकन झालं. तो कोणत्याच कोटेशनच्या प्रवेशवयात बसत नव्हता, जन्मतारखेचा कागद नव्हता, आणि मागे दोनदा बाबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा दुसरा आजार, होऊन गेलेला. कुठे बसवला असता तरी जुन्या आजारांच्या नावाखाली बरंच काही वगळलं गेलं असतं. भाचीला वाईट वाटलं, आपण त्याला कमी लेखतोय असं. पण पॉलिसी ही मायेची पावती नव्हे. त्याच्यासाठी फंड आहे, आणि डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे सहा महिन्यांनी एकदा मूत्रपिंड-यकृताची तपासणी. त्याच्या वयात लवकर कळणं हेच सर्वांत स्वस्त पडतं.

विम्याआधी धोका कमी करणं

डॉक्टरांशी बोलताना एक वेगळीच गोष्ट पुढे आली. चेरीची नसबंदी झालेली नव्हती. नसबंदी न झालेल्या मादीला मध्यम वयात गर्भाशयात पू होण्याचा, पायोमेट्राचा, धोका मोठा. माजानंतर काही आठवड्यांनी तो होतो, बऱ्याचदा अचानक लक्षात येतो आणि रात्रीच्या ऑपरेशनला धाव घ्यावी लागते. पुनरुत्पादनाशी संबंधित आजार पॉलिसीत धरतात की नाही, यावर मजकूर गोलमोल होता. नसबंदीचा खर्च १२,००० सांगितला. तो कुठलाच विमा देत नाही, पण त्या पैशात एक अख्खा धोका कायमचा संपतो. मी म्हटलं, प्रीमियम भरायला पैसे कमी पडत असतील तर या वर्षी विमा राहू दे, पण ही नसबंदी करून घ्या. ताईने दोन्ही केलं. नसबंदीनंतर वजन वाढतं आणि वजनाचा भार गुडघ्यावर येतो, म्हणून चेरीचं जेवण मोजून द्यायला सुरुवात केली. दाजी पोळीचा तुकडा टाकायचे, तो बंद झाला.

पुढे काय झालं

तिसरी पॉलिसी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाली. आजारांसाठी पहिले तीस दिवस प्रतीक्षेचे होते, ते शांततेत गेले. एप्रिलमध्ये नसबंदी झाली. जुलैमध्ये कान पुन्हा आला, रिकरिंगमधून भागलं.

ऑगस्टमध्ये चेरी मागचा डावा पाय उचलून चालायला लागली. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला. लिगामेंट तुटलेलं नाही, ताणलं गेलं आहे, सहा आठवडे जिना आणि उड्या बंद. खर्च २,९००, भरती नाही, त्यामुळे दाव्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या केसपेपरवर "डावा गुडघा, ताण" ही नोंद आता कायमची आहे. ही पॉलिसी सलग चालू ठेवली तर पुढे ते लिगामेंट तुटलं तरी तो पॉलिसीच्या काळातला आजार आहे. एक वर्ष खंड पडला आणि नव्याने काढायला गेलो, तर तोच गुडघा जुना आजार म्हणून पहिल्याच पानावर वगळला जाईल, आणि ज्या बिलासाठी हा सगळा खटाटोप केला तेच बाहेर राहील.

जानेवारीत विमा घ्यायचा की नाही हे मोकळेपणाने ठरवता येत होतं, आता तसं राहिलेलं नाही. नूतनीकरण किती वयापर्यंत मिळतं हे मी पुन्हा लेखी विचारलं. चेरी दहा वर्षांची होईपर्यंत, असं उत्तर आलं. प्रीमियम सहाव्या वर्षाचा म्हणून वाढून येणार आहे. दाजींनी सप्टेंबरपासून रिकरिंगचा हप्ता १,८०० केला आणि नूतनीकरणाची तारीख ताईच्या, भाचीच्या आणि माझ्याही फोनमध्ये टाकायला लावली.